मिठाच्या तांड्याचा बाजा

बँड म्हटलं की लोकांना वरात आठवते, नाचून घामाघूम झालेले दीर आठवतात. मला मरण आठवतं, त्याला माझा इलाज नाही. दिग्रसच्या एका लग्नाच्या बँडनं माझ्या आईचं गाणं घेऊन एक मोठी चीज बांधली होती. तासाभराच्या वर चालणारी, बसून ऐकायची. महाराष्ट्र होण्याच्या आगेमागेचा काळ. आमच्या भागात बँड बसून ऐकतो म्हणणारा माणूस येड्यातच जमा झाला असता. तो येडेपणा एका बँडमास्तरला सुचला. त्यानं आमचं भलं झालं की वाटोळं, हे मी या वयातही ठरवू शकलेली नाही.

आमचा तांडा दिग्रस-पुसद रस्त्यापासून जरा आत. आम्ही बंजारा. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. रेल्वे आली, मोटारी आल्या, ते काम बुडालं, आणि बैल राहिले ते नांगराला. माझा बाप कापसाची पऱ्हाटी पेरायचा. आईला आम्ही याडी म्हणतो. माझ्या याडीची ओळख एकच होती, ती रडायला जायची.

नाक मुरडू नका. आमच्यात रडणंसुद्धा गाऊनच असतं. पोरगी सासरी निघाली तरी बाया गाऊन रडतात, माणूस गेलं तरी गाऊनच रडतात. आणि लग्न झालेली बाई मेली की तिच्यासाठी एक लांबलचक गाणं होतं, मिठाच्या तांड्याचं. ते पुरतं येणारी बाई तांड्यात एकच असायची, सासूनं सुनेच्या हवाली केलेलं. बाकीच्या बाया नुसत्या साथीला. ओळ संपली की ‘ये याडी’ म्हणून सूर ओढायचा, बस. आसपासच्या तांड्यांतून ते बुडालं होतं, उरलं होतं ते फक्त माझ्या याडीकडे.

गाण्यातली गोष्ट अशी. मिठानं लादलेला तांडा नदीवर येतो. पाणी चढत असतं. तांड्याचा प्रमुख तो नायक, त्याची सून अडलेली, कळा सुरू झालेल्या. थांबावं तर पूर येणार, मीठ विरघळणार, सगळ्यांच्या पोटावर पाय. नायक म्हणतो, आम्ही माल पलीकडे टाकतो आणि तुला न्यायला येतो. एकेक बैल नावानिशी पाण्यात उतरतो, पार होतो. सून अलीकडच्या काठावर राहते. नदी भरते, कोणी परत येऊ शकत नाही. मग तिची याडी, दूरच्या तांड्यातून चालत, त्या काठावर येते. इथपर्यंत मला माहीत आहे. पुढे ती याडी लेकीला पार नेते, एवढंही माहीत आहे. कशी नेते, काय म्हणत नेते, कोणत्या सुरात नेते, ते माहीत नाही.

माहीत नाही कारण तसा नियमच होता. शेवटचा भाग बिनलग्नाच्या पोरीनं ऐकायचा नाही, ऐकला तर तिच्यावर तीच पाळी येते. दुसरा नियम असा की गाणं सुरू केलं की अर्ध्यात सोडायचं नाही. सोडलं तर मेलेली बाई काठावरच राहते.

माझी मोठी बहीण उमरखेडच्या पलीकडे दिली होती. पहिल्याच बाळंतपणात, भर श्रावणात ती गेली. लेकरूही गेलं. निरोप आमच्याकडे पोचला तोवर तिला जाळूनही झालं होतं. पैनगंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती, मोटार उमरखेडच्या पुढे जाईना. याडी तिथून पाणी पाहून परत आली. गाणं प्रेत समोर असतानाच म्हणायचं असतं. ते झालं नाही. साऱ्या मुलखाच्या लेकी पार करणाऱ्या बाईची स्वतःची लेक काठावर राहिली. त्यानंतर याडी कोणाच्या मयतीला गेली नाही. बोलावणं आलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. बायांनी आधी समजून घेतलं, मग नावं ठेवली.

अशात तो मास्तर आला.

हा मास्तर फौजेच्या बँडमध्ये नोकरी करून आलेला. दिग्रसात त्यानं लग्नाचा बँड काढला होता. कापसाच्या जिनिंगमधले हमाल, एक खाटीक, एक शिंपी, अशी माणसं जमवून त्यानं त्यांच्या हाती क्लॅरोनेट, मोठे पितळी भोंगे, ढोल दिले. स्वतः ट्रम्पेट वाजवायचा. लाल गरम कापडाचा कोट, पितळी बटणं, गळ्यापर्यंत बंद. मे महिन्यातसुद्धा. आमच्या भागातला मे महिना ज्यानं पाहिला त्याला मी काय सांगू.

बहीण जायच्या आधी कधीतरी त्यानं रस्त्यावरून याडीचं गाणं ऐकलं होतं. म्हणे, बैलगाडी थांबवून शेवटपर्यंत ऐकलं, शब्द एक कळला नाही. ते त्याच्या डोक्यात घर करून बसलं. तो आमच्या दारी आला आणि म्हणाला, “बाई, मले ते गानं पाह्यजे. लगनासाठी नाही. मी त्याची मोठी चीज करतो. पुरा बाजा वाजवन, लोक बसून ऐकतीन.”

याडीनं त्याला पाणीही विचारलं नाही. पुन्हा आला, पुन्हा तेच. बाप म्हणाला, या मानसाचं डोकं फिरलं हाये, पन वाईट नाही.

मग याडीचा गळा बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं तंबाखूनं. गळ्याला गाठ दिसायला लागली तेव्हा मी तिला यवतमाळला नेलं. मी तेव्हा तिथंच मास्तरणीचं ट्रेनिंग घेत होते. डॉक्टरनं तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं. परत येताना मोटारीत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ती म्हणाली, “रडू नको. मला कळलं आहे.” घरी आल्यावर तिनं स्वतःहून मास्तरला बोलावणं धाडलं.

तो आला. याडी आमच्या बोलीत माझ्याशी बोलायची, त्याच्याशी मात्र मोडकी वऱ्हाडी. ती त्याला म्हणाली, “माहा गळा जाऊन राह्यला. तुहं पितळ तर जात नाही. घे गानं. पन एक कबूल कर. सुरू केलं तं आखरीपर्यंत वाजवशीन. अन् माह्या पोरीच्या नावानं वाजवशीन.”

त्यानं टोपी काढली आणि कबूल केलं.

त्या पावसाळ्यात लग्नं नव्हती, बाजा रिकामा होता. मी सुट्टीला घरी आले की मास्तर सकाळीच यायचा. याडी फाटक्या आवाजात गायची, मी ओळीचा अर्थ सांगायची, तो मांडीवर बोटं वाजवत गुणगुणायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. मी विचारलं, लिहून काहून घेत नाही? तर म्हणाला, “लिवलं का चोरी जाते. यवतमाळचे बाजेवाले टपूनच बसले हायेत.” या धंद्यात तेच चालायचं. चांगली धून निघाली की दुसरा बँड पळवायचा, वाजवणारा माणूससुद्धा पळवायचा. म्हणून तो आपल्या माणसांना एकेकाला बाजूला घेऊन, तोंडानं म्हणून दाखवून, ज्याचं त्याला तेवढंच शिकवायचा. भोंग्यावाल्याला भोंग्याचं, ढोलवाल्याला ढोलाचं. दुसऱ्याकडे काय आहे ते पहिल्याला ठाऊक नाही.

गाणं नदीकाठी आलेल्या याडीपर्यंत पोचलं त्या दिवशी माझी याडी मला म्हणाली, “जा, पाणी घेऊन ये.”

घागर भरलेली होती. मी म्हटलं, घागर भरलेली आहे. ती म्हणाली, मग दुसरी घेऊन जा. मी चिडले. मी शिकलेली, वीस वर्षांची घोडी, यवतमाळला वसतिगृहात राहणारी, आणि मला ही पोरासोरासारखी बाहेर घालवते आहे. शिवाय त्याला आमची बोली कळत नाही, मग शब्द कोण सांगणार? मास्तर हळूच म्हणाला, “बाई, सूर तं मले कळते. शब्द नसले तरी चालते.” मी तरी उठले नाही. मी याडीला म्हटलं, हे सगळं खोटं असतं, ऐकून कोणी मरत नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “तुझ्या बहिणीनं लहानपणी कणगीमागं लपून ऐकलं होतं. मला ठाऊक होतं. मी तिला काही बोलले नाही.”

मी घागर घेतली आणि विहिरीवर गेले. राग इतका आला होता की किती वेळ तिथं उभी होते ते आठवत नाही. कोणावर राग, तेही धड सांगता येत नाही. बहिणीच्या मरणाचं ओझं ही बाई एका गाण्यावर टाकून बसली होती, आणि मला तिची कीव येत होती, आणि भीतीही वाटत होती. शिकलेल्या माणसाला अशी भीती वाटू नये असं ट्रेनिंगमध्ये सांगत. मला वाटली. परतले तेव्हा मास्तर अंगणात तोंड धूत होता, डोळे लाल.

तालीम जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये चालायची. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता. मी दिवाळीला घरी आले तेव्हा याडीला घेऊन एकदा गेले. खरं सांगते, अंगावर काटा आला. भोंग्यांनी नदी चढत आणली होती. बैल पाण्यात उतरताना ढोल एकेक पाऊल टाकत होता. ‘ये याडी’ची साथ सगळ्यांनी मिळून इतकी बारीक ओढली की हा लग्नाचा बाजा आहे याचा मला विसर पडला. क्लॅरोनेटवाला शिंपी अडलेल्या सुनेचं वाजवत होता. नायकासाठी मास्तरचं ट्रम्पेट. आणि शेवटचा भाग आला की मास्तर ट्रम्पेट खाली ठेवून नुसता हात हलवायचा. बाकीचे आपापलं वाजवत राहायचे, मधली जागा रिकामी. भिंतीला कान लावणारे असतात, म्हणून आखरीचं तो तालमीत वाजवतच नव्हता. म्हणाला, “माहं मी येळेवर वाजवन.”

याडी ओढणी तोंडावर घेऊन बसली होती. परत येताना बरीच वाट चालल्यावर म्हणाली, “त्याला जमलं आहे.” बहीण गेल्यानंतर तिच्या तोंडून कशाचंही कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं.

वाजवायचं ठरलं ते एका जिनिंगवाल्या शेठच्या अंगणात. शेठच्या बापाचं वर्षश्राद्ध होतं, पुण्यस्मरण म्हणून मोठा कार्यक्रम, नागपूरहून कोणी पुढारी येणार. मोठी चीज आहे, दुखाची आहे, म्हणून शेठला पसंत पडली. पुढारी काही वेळेवर येईना. तेव्हा शेठ म्हणाला, चला, सुरू करा तोवर. आमच्या तांड्यातल्या बाया याडीबरोबर आल्या होत्या, खाली सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. याडीनं त्या दिवशी बहिणीची फुटक्या आरशांची ओढणी अंगावर घेतली होती. शेवटचा भाग आला की उठून बाहेर जा, असं तिनं मला बजावलं होतं, आणि मी उठणार नव्हते.

मास्तरनं आमच्याकडे पाहून मान झुकवली आणि हात उचलला.

नदी आली. मीठ आलं. बैल उतरले. सतरंजीवरच्या बायांना आधी कळलं नाही, मग एकीला कळलं, मग सगळ्यांना. साथीच्या जागी त्यांचा सूर आपोआप निघाला. खुर्च्यांवरचे लोक मागे वळून पाहायला लागले. शिंप्यानं सुनेचं असं काही वाजवलं की बाप माझा हात धरून बसला, त्यानं आयुष्यात कधी धरला नव्हता. गाण्यातली याडी काठावर येऊन पोचली. क्लॅरोनेट थांबलं. मास्तरनं ट्रम्पेट ओठाला लावलं.

तेवढ्यात मोटार आली.

शेठचा मुनीम वाकून पळत आला आणि म्हणाला, पुरे करा, साहेब आले, सलामी वाजवा. मास्तरनं ऐकलं नाही. त्यानं श्वास भरला होता, मी पाहिलं आहे, त्याची छाती कोटात फुगली होती. मुनीमानं ढोलवाल्याची टिपरी धरली. शेठ उभा राहून ओरडला, “कळत नाही काय रे, बंद कर ते रडगानं.” लोक हसले. सगळे नाही, पण हसले. मास्तर तसाच उभा राहिला, मग त्यानं भरलेला श्वास सोडून दिला. त्याच्या मागे बारा-चौदा माणसांची पोटं होती. बाजा सलामी वाजवायला लागला, आणि पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडला.

याडी उठली. तिचा आवाज तेव्हा कुजबुजीएवढा उरला होता. ती कोणालाही नाही, समोर पाहून म्हणाली, “आली होती न्यायला. लेक पुन्हा काठावर ठेवली.”

मला आजही त्या शेठचा, त्या पुढाऱ्याचा राग आहे. दोघंही कधीचेच मेले. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात, मी धरते.

दुसऱ्या दिवशी मास्तर तांड्यात आला. याडीसमोर जमिनीवर बसला. “बाई, लगनसरा होऊ दे. ती झाली का पुरा बाजा घेऊन तुह्या दारात येतो. इथंच वाजवतो, आखरीपर्यंत. मधात कोनाचा बाप आला तरी थांबनार नाही.” याडीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

लग्नसराई लागली. बाजा गावोगाव फिरत होता. मे महिन्यात वणीला एका कोळसा वाहणाऱ्या ट्रकवाल्याच्या पोराची वरात भर दुपारी निघाली. मुहूर्त साधायचा होता. लाल कोट, पितळी बटणं, गळ्यापर्यंत बंद. मास्तर वाजवता वाजवता रस्त्यात बसला. लोकांना वाटलं, रंगात आला. त्याला ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला.

बातमी आली तेव्हा मी सुट्टीवर घरी होते. मी याडीजवळ बसले आणि म्हटलं, “आता मला सांग. गाता येत नाही तर येऊ दे जसं येईल तसं. हवेनं सांग. खुणेनं सांग.” मी विनवलं, मग ओरडले, त्या आजारी बाईवर ओरडले. तिनं ओठ उघडले. आतून नुसती हवा आली, पण काही तरी येऊ घातलं होतं, मी शपथेवर सांगते. मग तिची नजर माझ्या दंडाकडे गेली. आमच्यात लग्न झालेली बाई दंडापर्यंत पांढरा चुडा भरते. माझा दंड रिकामा. तिनं तिथं बोट लावलं आणि तोंड मिटलं.

एक लेक ऐकून गेली होती. दुसरी तिला घालवायची नव्हती. आता हे मला कळतं. तेव्हा मी भांडी आपटत अंगणात फिरत होते.

ती भाद्रपदात गेली, सकाळी. पाऊस रात्रीचाच लागलेला. बाया जमल्या, तिला ओट्यावर घेतलं. गाणार कोण? सुनेला द्यायचं तर आमच्या घरात सून नव्हती, मला भाऊच नाही. ज्या बाईनं सगळ्यांसाठी गायलं, तिच्यासाठी तांड्यात कोणी नव्हतं. एक म्हातारी नुसतं ‘ये याडी’ म्हणाली आणि पुढे ओळ नाही म्हणून थांबली.

दुपारच्या सुमाराला ती माणसं आली. गुडघाभर चिखलातून, वाद्यं पोत्यात गुंडाळून. लाल कोट नव्हते, अंगावर रोजचे कपडे. बाजा फुटला होता, काही जण यवतमाळच्या बँडात गेले होते, जे उरले ते आले. भोंगा वाजवणारा खाटीक माझ्या बापाला म्हणाला, “मास्तरनं कबूल केलतं. आमच्यानं जेवढं होते तेवढं वाजवतो.”

ते छपराखाली दाटीवाटीनं उभे राहिले. नदी आली. मीठ आलं. नायकाचं ट्रम्पेट नव्हतं, ते शिंप्यानं क्लॅरोनेटवर घेतलं. बैल उतरले. बायांनी साथ धरली. याडी काठावर आली, आणि शिंप्यानं क्लॅरोनेट तोंडातून काढलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “इथून मास्तरचं होतं, बाई.”

पण ढोल थांबला नाही. भोंगे थांबले नाहीत. मास्तरनं त्यांना जेवढं शिकवलं होतं तेवढं ते वाजवत राहिले, एका ओळीची जागा सोडून. जागा संपली की बाया ‘ये याडी’ म्हणायच्या. पुन्हा जागा. पुन्हा ‘ये याडी’. कोणाच्याही तोंडून ओळ आली नाही. मी याडीच्या डोक्याशी उभी होते, प्रत्येक जागेला तोंड उघडत होते, माझ्याकडे घालायला काही नव्हतं. असं शेवटपर्यंत चाललं. अर्ध्यात कोणी सोडलं नाही.

वाद्यं पोत्यात भरताना खाटकानं मला विचारलं, “पार झाली ना, बाई?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मी शाळेत शिकवत होते, मला चुडा नको होता, पण बापाची हौस. दंडावर शेवटची बांगडी चढवताना तीच साथीची म्हातारी मला म्हणाली, “आता तुला ते गाणं सगळं ऐकायला हरकत नाही.” ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि ती चढवलेली बांगडी पुन्हा सारखी करत राहिली.